बर्फावरचा वीर : हॉवी मॉरेन्झ

विद्यार्थी मित्रांनो, हॉकी म्हटले की आपल्याला आठवतात मेजर ध्यानचंद आणि मातीचे किंवा गवताचे मैदान. पण कॅनडात हॉकी बर्फावर खेळतात. पायात धारदार पात्यांचे स्केट, हातात काठी आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. या खेळातील एका महान खेळाडूची ही ओळख.

हॉवी मॉरेन्झ यांचा जन्म २१ सप्टेंबर १९०२ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात मिचेल या लहान गावी झाला. पुढे कुटुंब जवळच्या स्ट्रॅटफर्डला आले. तेथे ते रेल्वेच्या कारखान्यात काम शिकत आणि गावच्या संघातून खेळत. अंगाने लहानखुरे, पण बर्फावर त्यांचा वेग विलक्षण होता.

१९२३ मध्ये त्यांनी मॉन्ट्रियल शहराच्या 'कॅनडियन्स' संघाशी करार केला. पण आपले गाव सोडवेना! पैसे परत घ्या आणि मला मोकळे करा, अशी विनंती त्यांनी केली. मालकांनी ती मानली नाही. नाइलाजाने आलेला हा तरुण लवकरच सगळ्या शहराचा लाडका झाला. मॉन्ट्रियलमधील बहुसंख्य लोक फ्रेंच भाषक, तर मॉरेन्झ जर्मन वंशाचे. पण प्रेमाच्या आड भाषा आली नाही. १९२४, १९३० आणि १९३१ या वर्षी संघाने मानाचा स्टॅन्ली चषक जिंकला. १९२९-३० च्या हंगामात मॉरेन्झ यांनी ४४ सामन्यांत ४० गोल केले. सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार त्यांना तीनदा मिळाला.

पुढे दुखापती झाल्या, वेग कमी झाला, गोल आटले. ज्यांनी डोक्यावर घेतले होते त्यांतलेच काही प्रेक्षक आता हुर्यो करू लागले. ऑक्टोबर १९३४ मध्ये मालकांनी मॉरेन्झ यांच्यासह तीन खेळाडू शिकागोच्या संघाला दिले व बदल्यात तिघे घेतले. अशा अदलाबदलीत खेळाडूची इच्छा कोणी विचारत नसे, मग प्रेक्षकांची कोण विचारणार?

पण प्रेक्षकांनी आपले उत्तर दिलेच. त्याच हंगामात शिकागोचा संघ मॉन्ट्रियलला खेळायला आला. मॉरेन्झ यांनी आपल्या जुन्या संघावरच गोल केला, आणि सारे प्रेक्षागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. गोल आपल्यावर झाला होता, तरी करणारा माणूस आपला होता!

१९३६ च्या जानेवारीत त्यांना न्यूयॉर्कच्या संघात पाठवले गेले. त्याच वर्षी नव्या हंगामासाठी मात्र मॉन्ट्रियलने त्यांना परत बोलावले. शहराला आपला माणूस परत मिळाल्याचा आनंद झाला. पण तो फार टिकला नाही. २८ जानेवारी १९३७ रोजी, शिकागोविरुद्धच्याच सामन्यात, त्यांचा स्केट कडेच्या फळीत अडकला आणि पाय अनेक ठिकाणी मोडला. ८ मार्च रोजी रुग्णालयातच त्यांचे निधन झाले. वय अवघे ३४ वर्षे.

११ मार्चला त्यांचे पार्थिव 'फोरम'मध्ये, म्हणजे ज्या बर्फावर ते खेळले तेथेच ठेवले होते. हजारो लोक रांगेने दर्शन घेऊन गेले. त्यांचा ७ क्रमांक संघाने कायमचा निवृत्त केला. संघाच्या इतिहासात हा मान मिळवणारे ते पहिले खेळाडू. १९५० मध्ये कॅनडाच्या पत्रकारांनी त्यांची अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ हॉकीपटू म्हणून निवड केली.

मित्रांनो, आज क्रिकेटमध्येही आपला आवडता खेळाडू एका वर्षी आपल्या संघात तर दुसऱ्या वर्षी समोरच्या संघात दिसतो. तेव्हा राग येतो, वाईटही वाटते. अशा वेळी मॉन्ट्रियलच्या त्या प्रेक्षकांची आठवण ठेवा. खेळाडूच्या पडत्या काळात हुर्यो करणे सोपे असते. तो समोरच्या संघातून चांगला खेळला तरी उभे राहून टाळी देणे, हे खऱ्या क्रीडाप्रेमाचे लक्षण आहे.