पस्तिसांतली पाच बाळं

सावित्रीबाई फुले म्हटलं की आपल्याला शाळा आठवते. मला मात्र त्यांच्या घरातल्या बाळंतिणी आठवतात. लहानपणी आजी आम्हाला गावाबाहेरच्या एका पडक्या विहिरीकडे फिरकू द्यायची नाही. का, ते मोठेपणी कळलं.

१८३१ साली नायगावात जन्मलेल्या, नवव्या वर्षी लग्न झालेल्या सावित्रीबाईंना असल्या विहिरी ठाऊक होत्या. विधवेला दिवस गेले की तोंड लपवायलाही जागा नसे. १८६० च्या दंडसंहितेनं गर्भ पाडणं गुन्हा ठरवलं. सूट फक्त आईचा जीव वाचवण्यापुरती. शिक्षा होती, आधार नव्हता. म्हणून १८६३ मध्ये या नवरा-बायकोनं पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप या, बाळंत व्हा, हवं तर बाळ इथंच ठेवा.

१८८४ पर्यंत पस्तीसवर विधवा आल्या. जोतीरावांनीच लिहून ठेवलंय, बाळं जगली फक्त पाच. बाकीची, आयांनी लपूनछपून घेतलेल्या विषारी औषधांनी गेली. जगलेल्या एकाला, काशीबाईच्या यशवंतला, सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करतानाच त्या गेल्या.

गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये आला. २०२१ च्या दुरुस्तीनं बाईचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक झालं. तरी कुणी बिचारी अजून कुठूनतरी पुडी आणते. अशी दिसली तर नावं ठेवू नका गं. तिचा हात धरून दवाखान्यात न्या.