हाफकिनसाहेब

सोलापुराहून मुंबईस जाणारी आगगाडी दादर सोडून पुढें निघाली म्हणजे परळ व भायखळा हीं दोन स्थळें एकामागून एक मागें पडतात. प्रवासी त्या वेळीं सामान आवरण्याच्या गडबडींत असतात, आणि खिडकीबाहेर पाहण्यास कोणास सवड नसते. ह्या दोन्ही स्थळांशीं एका परदेशस्थ मनुष्याचें नांव जोडलें गेलें आहे. हाफकिन कोण, असें आम्हीं एकदां वर्गांत विचारलें. एका मुलानें सांगितलें कीं, तो औषधांचा कारखाना आहे. उत्तर अगदींच चुकीचें नव्हतें. पोलिओच्या लसीवर आणि सर्पदंशावर टोंचावयाच्या औषधावर तें नांव आपल्याकडे पुष्कळांनीं वाचलेलें असतें. परंतु कारखान्याच्या पूर्वीं तो एक मनुष्य होता. त्यानें काय केलें व त्यास काय सोसावें लागलें, हें आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडील मंडळीस ठाऊक असावें, म्हणून हा अल्प परिचय लिहीत आहों.

वाल्डेमार हाफकिन ह्यांचा जन्म ता. १५ मार्च १८६० रोजीं काळ्या समुद्राच्या कांठीं ओडेसा शहरीं झाला. तें शहर त्या काळीं रशियाच्या झारच्या राज्यांत होतें. आज तें युक्रेन देशांत आहे. घराणें ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठांत प्रसिद्ध शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह ह्यांच्या हाताखालीं ते प्राणिशास्त्र शिकले. ते वैद्य नव्हते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें ती त्यांस फार जड गेली. त्या दिवसांत रशियांत ज्यू लोकांवर जमावाचे हल्ले होत. आपल्या लोकांचें रक्षण करण्यास जे तरुण पुढें सरसावले, त्यांत हाफकिन होते. त्यांस इजा झाली व तुरुंगही पाहावा लागला. पदवी मिळाल्यावरही ज्यू मनुष्यास विद्यापीठांत वरची जागा मिळण्याची आशा नव्हती. धर्म सोडून बाप्तिस्मा घेतल्यास वाट मोकळी होती. ती त्यांनीं घेतली नाहीं. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राज्यांत भाकरीसाठीं अशी अट घातली जावी, हें लिहितांना आमच्यासारख्या ख्रिस्ती मनुष्याची लेखणी अडखळते. पण झालें तें असें झालें.

१८८८ सालीं त्यांनीं देश सोडला. कांहीं काळ जिनीव्हा येथें काढून ते पॅरिसला पाश्चर ह्यांच्या संस्थेंत आले. तेथें रिकामी जागा होती ती ग्रंथपालाची. त्यांनीं ती पत्करली, आणि फावल्या वेळांत प्रयोगशाळेंत काम चालविलें. त्यांनीं पहिल्यानें हातीं घेतला तो पटकीचा रोग. पटकी म्हणजे काय हें आमच्या जिल्ह्यास निराळें सांगावयास नको. पंढरीच्या यात्रेबरोबर ती कितीदां गांवोगांव पसरली असेल ह्याची गणती नाहीं. पटकीच्या जंतूंपासून हाफकिन ह्यांनीं लस तयार केली, आणि ता. १८ जुलै १८९२ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. पुढल्या वर्षीं ते हिंदुस्थानांत आले, आणि कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांत व इतरत्र त्यांनीं हजारों लोकांस लस टोंचली. मध्यंतरीं हिंवतापानें त्यांची प्रकृति खालावली व त्यांस युरोपांत परतावें लागलें. पण बरें वाटतांच ते पुन्हां आले.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांस कांहीं रोगी विलक्षण तापानें व जांघेंतील गांठींनीं आजारी आढळले. त्यांनीं तो प्लेग आहे असें निदान केलें. पुष्कळांस तें पटेना, परंतु तें खरें होतें. थोड्याच महिन्यांत लक्षावधि लोक शहर सोडून पळाले, व आगगाडीच्या वाटेनें रोगही त्यांच्या मागून चालला. पुणें, सातारा, सोलापूर, बेळगांव, धारवाड ह्या सर्व प्रांतांत तो फिरला. गांव ओस टाकून माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. प्लेगचा जंतु हाँगकाँग येथें १८९४ सालीं सांपडला होता. पण तो उंदरावरील पिसवांच्या द्वारें मनुष्यास होतो, ही गोष्ट १८९८ पर्यंत कोणी दाखविलेली नव्हती, व दाखविल्यावरही ती मान्य होण्यास बरींच वर्षें लागलीं. सरकारास एकच उपाय दिसत होता: घरें तपासणें, रोगी हलविणें, सामान जाळणें. पुण्यास ह्या कामीं इतकी दांडगाई झाली कीं, तिचा शेवट १८९७ च्या जूनमध्यें रँडसाहेबांच्या खुनांत झाला. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या.

हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरांत मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक लहानशी जागा मिळाली. मदतीस एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनीं काम मांडलें. प्लेगचे जंतु वाढविण्यास मांसाचा रस लागतो. येथील लोकांच्या भावना दुखावूं नयेत म्हणून त्यांनीं तो बोकडाच्या मांसाचा केला. त्या रसावर ते तुपाचे थेंब सोडीत. ह्या थेंबांना धरून जंतूंचे पुंजके गुहेंतील लोंबत्या दगडी सुळ्यांप्रमाणें खालीं लोंबत, व त्या खुणेवरून हे प्लेगचेच जंतु अशी ओळख पटे. मग ते उष्णतेनें मारून त्यांची लस करावयाची. मेलेला जंतु रोग उत्पन्न करूं शकत नाहीं, पण शरीर त्यास ओळखून ठेवतें व पुढें जिवंत शत्रु आला असतां लढण्यास सज्ज असतें, हें ह्या सर्व खटपटीचें बीज. ता. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन ह्यांनीं ती लस स्वतःस टोंचून घेतली. पुढें लोकांस जी मात्रा देत, तिच्या तिपटीहून ती अधिक होती. त्यांस ताप आला, दंड दुखला, व दोन-चार दिवसांत ते बरे झाले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. बंदिवानांस लसीची माहिती सांगून, जे खुषीनें पुढें आले त्यांस टोंचण्यांत आलें. तुरुंगांतील मनुष्याची खुषी कितपत खुषी समजावी, हा प्रश्न आम्हांसही पडतो, व आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाहीं. असो. टोंचून घेतलेले १४७ व न घेतलेले १७२. सर्वांस छप्पर एक, अन्न एक, पहारा एक. न टोंचलेल्यांपैकीं १२ जणांस प्लेग झाला व ६ मेले. टोंचलेल्यांपैकीं २ जणांस झाला व कोणीही मेला नाहीं.

आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीं येथें थोडा वेळ थांबावें. टोंचलेल्या १४७ जणांत कोणी मेला नाहीं, एवढेंच जर हाफकिन सांगते, तर त्यापासून कांहींच सिद्ध झालें नसतें. कदाचित् त्या तुरुंगांत रोगच सौम्य असेल, कदाचित् तो ओसरत आला असेल. शेजारचे १७२ पाहिल्यावांचून १४७ चा अर्थ लागत नाहीं. आणि तरीही एक तुरुंग म्हणजे फार लहान जागा. सहा माणसांचा फरक योगायोगानेंही पडूं शकतो. हें हाफकिन जाणून होते. १८९८ च्या फेब्रुवारींत बडोदें संस्थानांतील उंढेरें ह्या गांवीं त्यांनीं अधिक बारकाईनें काम केलें. तेथें एकाच कुटुंबांतील कांहीं माणसें टोंचलेलीं व कांहीं न टोंचलेलीं, अशी तुलना करतां आली. ज्या घरांत प्लेग शिरला, त्यांत टोंचलेलीं माणसें ७१ होतीं; त्यांपैकीं ८ आजारी पडलीं व ३ मेलीं. न टोंचलेलीं ६४; त्यांपैकीं २७ आजारी पडलीं व २६ मेलीं. म्हणजे एकीकडे शेंकडा ४ व दुसरीकडे शेंकडा ४१. घर तेंच, चूल तीच, उंदीरही तेच. दमण येथें तर १८९७ सालींच आंकडे हजारांवर गेले होते. तेथें टोंचलेल्या २,१९७ पैकीं ३६ मेले. न टोंचलेल्या ६,०३३ पैकीं १,४८२ मेले.

लस टोंचली म्हणजे प्लेग होतच नाहीं, असें हाफकिन कधींही म्हणाले नाहींत. आंकडेही तसें म्हणत नाहींत. तिनें ताप येई, तिचा गुण कांहीं महिनेच टिके, आणि ज्यास रोग जडला त्यास ती बरें करीत नसे. आज प्लेगच्या रोग्यास वेळींच जंतुनाशक औषधें दिलीं तर तो बहुधा वांचतो, व तीं पुष्कळ पुढें निघालीं. परंतु दोन गट समोरासमोर ठेवून मगच बोलावयाचें, ही जी रीति, ती अद्यापि चालू आहे; इतकेंच कीं, कोणी कोणत्या गटांत जावें हें आतां चिठ्ठ्या टाकल्यासारखें ठरवितात, म्हणजे कोणाच्या मर्जीस वाव राहत नाहीं. जानेवारी २०२२ मध्यें पंधरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना करोनाची लस मिळूं लागली, ती ह्याच कसोटींतून उतरलेली होती.

लोकांत अफवा पुष्कळ उठल्या. लसीनें धर्म बुडतो, पुरुषत्व जातें, सरकारास माणसें मारावयाचीं आहेत, एक ना दोन. ज्या सरकारचे शिपाई बळानें घरांत शिरत, त्याच सरकारची सुई लोकांनीं संशयानें पाहिली ह्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. तरुण आगाखान ह्यांनीं स्वतः लोकांसमक्ष टोंचून घेतलें व आपला बंगला प्रयोगशाळेस दिला. त्यानें बरेंच काम झालें. १८९९ सालीं प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नराच्या वाड्यांत गेली, आणि तेथून लाखों मात्रा बाहेर पडूं लागल्या.

आतां मुलकोवालची गोष्ट. हें पंजाबांतील गांव, आज पाकिस्तानांत आहे. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं तेथें १०७ जणांस लस टोंचली. पांच बाटल्या फोडल्या होत्या. त्यांपैकीं एकाच बाटलींतून ज्या १९ जणांस टोंचलें, त्या सर्वांस आठवड्याच्या आंतबाहेर धनुर्वात झाला, व एकोणीसही मेले. हीं माणसें आपल्या पायांनीं चालत, विश्वासानें सुईपुढें आलीं होतीं. हाफकिन ह्यांची बाजू मांडतांना कोणीही हें विसरूं नये.

चौकशी बसली. बाटली परळलाच दूषित झाली असावी, असें चौकशीमंडळानें ठरविलें. हाफकिन ह्यांनीं लसींत कार्बोलिक घालण्याची जुनी चाल सोडून केवळ उष्णतेवर भरंवसा ठेविला होता, तो बदल त्यांच्या माथीं आला. त्यांस अधिकारावरून दूर करून बिनपगारी रजेवर पाठविण्यांत आलें. ते ज्यू होते, रशियन होते, आणि वैद्यकीय खात्यांतले नव्हते. दोष ठरविणारांच्या मनांत ह्याचा किती भाग होता, हें कागदांवरून मोजतां येत नाहीं. परंतु अशा मनुष्याचा कैवार घेणारे सरकारी कचेरींत थोडेच असतात, एवढें आम्ही म्हणूं शकतों.

पुढें लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनें सर्व पुरावा तपासला, व त्यांत दोन गोष्टी ठळक दिसल्या. बाटलीचें बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशीं मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्यानें तो कार्बोलिकच्या पाण्यांत नुसता बुचकळला आणि वापरला. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात, हें शाळेंतील आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांतही असतें. दुसरी गोष्ट: ते जंतु बाटलींत आधींपासून वाढत असते तर बूच काढतांच दुर्गंधि आली असती, व टोंचणाऱ्या डॉक्टरांस तशी घाण आली नव्हती. उरलेल्या बाटल्यांतून टोंचलेले सर्व सुखरूप राहिले होते. हा सर्व पुरावा पहिल्या चौकशीपुढेंही होताच! ज्या मनुष्यानें दोन बाजू शेजारीं मांडल्यावांचून आपल्या लसीस चांगलें म्हटलें नाहीं, त्याच्याविषयीं निकाल देतांना दुसरी बाजू मांडून पाहण्यास पांच वर्षें लागलीं.

हीं पांच वर्षें हाफकिन बहुधा लंडनमध्यें होते. हिंवतापाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस ह्यांनीं त्यांच्यासाठीं वर्तमानपत्रांतून झगडा केला, आणि १९०७ च्या जुलैमध्यें रॉस ह्यांच्यासह नामांकित शास्त्रज्ञांनीं जाहीर पत्र लिहून त्यांचें निर्दोषत्व प्रतिपादिलें. त्याच वर्षाच्या शेवटीं सरकारनें त्यांस पुन्हां चाकरींत घेतलें. पण मुंबईची जागा भरलेली होती. त्यांस कलकत्त्यास धाडलें, व तेथें लोकांवर नवीन लस आजमावण्याची मोकळीक दिली नाहीं. १९१४ सालीं ते निवृत्त झाले व युरोपांत परत गेले. त्या काळांत त्यांच्या हातून पूर्वीसारखें मोठें काम झालें नाहीं. चाळीस ते पन्नास ह्या वयांत कर्तबगार मनुष्याचीं पांच वर्षें गेलीं म्हणजे काय जातें, तें आम्ही ह्या वयांत असल्यामुळें थोडेंसें समजूं शकतों.

परळच्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं हाफकिन ह्यांचें नांव देण्यांत आलें. तें पाहण्यास ते हयात होते. त्यांनीं लग्न केलें नाहीं. उतारवयांत ते आपल्या धर्माचे आचार कसोशीनें पाळीत. ता. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांत लोझान येथें ते वारले. जवळ होतें नव्हतें तें त्यांनीं पूर्व युरोपांतील ज्यू मुलांच्या धर्मपाठशाळांसाठीं ठेविलें होतें.