ह्यूएनत्संग : नालंदाचा चिनी विद्यार्थी

इ. स. ६०२ च्या सुमारास चीन देशांत एका विद्वान घराण्यांत ह्यूएनत्संग याचा जन्म झाला. लहानपणींच तो बौद्ध मठांत राहूं लागला. तेथील धर्मग्रंथांचीं भाषांतरें एकमेकांशीं जुळत नाहींत व गुरूंचेंही एकमत नाहीं, हें पाहून त्याचें मन अस्वस्थ झालें. हे ग्रंथ ज्या देशांत झाले तेथेंच जाऊन ते मूळ भाषेंत शिकावे, असा त्यानें निश्चय केला. त्या वेळीं राज्याबाहेर जाण्यास मनाई होती. तरी इ. स. ६२९ च्या सुमारास तो गुप्तपणें निघाला. वाळवंटांत त्याचें पिण्याचें पाणी सांडलें, आणि चार रात्री व पांच दिवस पाण्यावांचून काढून तो मरतां मरतां वांचला.

मगध देशांतील नालंदा येथें त्या काळीं मोठें विद्यापीठ होतें व दूरदूरचे विद्यार्थी तेथें येत असत. मुख्य आचार्य शीलभद्र अतिवृद्ध झाले होते. त्यांनीं ह्या परक्यास शिष्य करून घेतलें. त्याच्या राहण्याजेवणाची सोय विद्यापीठानेंच केली. तेथें सुमारें पांच वर्षें त्यानें संस्कृत शास्त्रांचा अभ्यास केला. पुढें देशभर हिंडतांना तो पुलकेशी राजाच्या कारकीर्दींत आपल्या महाराष्ट्रांतही आला. येथील लोक उपकार स्मरतात, पण अपमानाचा सूड घेतल्यावांचून राहत नाहींत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

इ. स. ६४५ सालीं तो ६५७ ग्रंथ घेऊन स्वदेशीं परतला. सम्राट ताइत्सुंग यानें देऊं केलेला राजाधिकार त्यानें नाकारिला, आणि इ. स. ६६४ त मरण येईपर्यंत भाषांतराचेंच काम केलें. चीनच्या लाओत्से ऋषीचा ग्रंथ संस्कृतांत उतरविण्याचें कामही सम्राटानें त्याजवर सोपविलें. म्हणजे विद्या दोहों दिशांनीं वाहूं लागली. ह्याच सम्राटाच्या राजधानींत, ह्यूएनत्संग हिंदुस्थानांत असतां, इ. स. ६३५ सालीं अलोपेन नांवाचा ख्रिस्ती उपदेशक पवित्र शास्त्र घेऊन आला होता, व तीन वर्षांनीं त्यास उपदेशाची मोकळीक मिळाली.

ह्यूएनत्संगाच्या आयुष्यांतील एक लहानशी गोष्ट विशेष स्मरणीय आहे. कनोज येथील वादसभेंत प्रज्ञादेव नामक पंडिताशीं त्याचा कडाक्याचा वाद झाला होता. पुढें कित्येक वर्षांनीं ह्याच प्रज्ञादेवानें त्यास चीनमध्यें पत्र व वस्त्राची भेट पाठविली. इ. स. ६५४ सालीं ह्यूएनत्संगानें उत्तर लिहिलें. त्यांत त्यानें आपलें मत सोडलें नाहीं. परंतु वादाच्या भरांत बोलणें कठोर झालें हें त्यानें मान्य केलें, आणि प्रज्ञादेवानें दूताकरवीं कळविलेल्या खेदास उत्तर म्हणून, सभा संपतांच मनांतील राग निघून गेला, असें लिहिलें. त्याच सुमारास, आचार्य शीलभद्र वारल्याचें कळून झालेलें दुःख त्यानें नालंदाच्या ज्ञानप्रभ यास कळविलें, आणि परततांना सिंधु नदींत बुडालेल्या ग्रंथांची यादी धाडून ते मागविले.

प्रिय उपदेशक बंधूंनो, ह्या मनुष्याचा धर्म आपला नव्हे, तथापि त्याच्यापासून आपण धडा घ्यावा. गांवांत अन्य धर्मीयांशीं आपले वाद होतात. त्यांत जिंकल्यावर शेजारी गमावला, असें किती वेळां घडतें! वेदीकडे जाण्यापूर्वीं भावाशीं समेट करावा, ही तर आपल्या प्रभूची आज्ञा आहे. सत्य घट्ट धरूनही कठोर शब्दाची क्षमा मागतां येते. शेजाऱ्याचें मन दुखविलें असेल, तर त्याच्या दारीं आपणच आधीं जावें.