शाळेपूर्वीची शाळा

तीन वर्षांच्या मुलाच्या हाती आधी पाटी द्यावी की मूठभर माती, या प्रश्नासाठी ताराबाई मोडक यांनी आयुष्य वेचले. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या व १९१४ मध्ये पदवीधर झालेल्या ताराबाईंनी राजकोट येथील अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडले आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्या दाखल झाल्या. लहान मूल डोळे, कान आणि बोटे यांच्या द्वारा शिकते, हे माँटेसरी पद्धतीचे मर्म त्यांनी तेथे आत्मसात केले.

परंतु त्या पद्धतीची साधने महाग होती. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, तेव्हा ताराबाईंनी शिंपले, खडे, पाने, बिया हीच साधने मानली. स्पर्श, आकार, रंग व आवाज यांचे धडे त्यांतून विनामूल्य मिळू लागले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी व अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचविला.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्याआधीची वर्षे गरिबाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय ताराबाईंचे. आज महागड्या खेळण्यांवर आणि अकाली लेखनावर खर्च करणाऱ्या पालकांच्या घरीही सुपातले जोंधळे, परातीतले पाणी आणि कुंभाराकडची ओली माती सहज येऊ शकते. उणीव आहे ती मुलाचे हात मळू देण्याच्या तयारीची.