विश्लेषण : दुर्मीळ जुनं वाद्य बदल्यात घ्यावं का? उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचं आयुष्य काय सांगतं?

हातातलं चांगलं चालणारं वाद्य देऊन त्याच्या बदल्यात जुनं, क्वचितच दिसणारं वाद्य घ्यावं का? पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या इलेक्ट्रिक बास गिटारचा फोटो मोबाइलवर आला की खंडाळ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही वादकाला हा प्रश्न पडू शकतो. इलेक्ट्रिक बास गिटार अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विकली जाऊ लागली ती १९५१ नंतर. पण वाद्य निवडण्याचा प्रश्न त्याहून जुना आहे. मिरजेत राहिलेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या आयुष्यात तो वेगवेगळ्या रूपांत आला.

अब्दुल करीम खाँ कोण होते?

त्यांचा जन्म १८७२ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना गावी झाला. या गावाच्या नावावरूनच घराण्याला किराणा हे नाव मिळालं. तरुणपणी ते बडोदा दरबारात गायक होते. तिथे माने घराण्यातील ताराबाईंशी त्यांचं नातं जुळलं आणि दोघांनी बडोदा सोडलं. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांची मुलं पुढे नामवंत गायक झाली. खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवलं आणि पुढे ते मिरजेत स्थायिक झाले. इथल्या मीरासाहेब दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती. सवाई गंधर्व आणि रोशन आरा बेगम हे त्यांचे शिष्य.

वाद्यांशी त्यांचा संबंध किती होता?

खाँसाहेब गायक म्हणून ओळखले जातात, पण बीन आणि सारंगीवरही त्यांचा हात होता. सारंगियाला त्या काळी मैफलीत गायकाच्या मागे बसावं लागे आणि मानही कमी मिळे. म्हणून त्यांनी गाण्याची वाट धरली, असं सांगितलं जातं. तरी वाद्यं सुटली नाहीत. तानपुरा स्वतः दुरुस्त करण्यात ते वाकबगार होते आणि त्यासाठी लागणारी हत्यारं जवळ बाळगत, अशी त्यांची आठवण सांगतात.

श्रुती हार्मोनियम काय होती?

नेहमीच्या पेटीत एका सप्तकात १२ स्वर असतात आणि ते ठरलेल्या जागी पक्के बसवलेले असतात. आपल्या संगीतशास्त्रात मात्र एका सप्तकात २२ श्रुती सांगितल्या आहेत. गायक रागानुसार गंधार किंवा निषाद किंचित चढा-उतरता लावतो, तो फरक पेटीला दाखवता येत नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी या श्रुती मोजण्याचं काम हाती घेतलं. त्यासाठी अचूक स्वर लावणारा गळा हवा होता, तो खाँसाहेबांचा मिळाला. देवल यांचं पुस्तक १९१० मध्ये निघालं. सनदी सेवेतील इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी हे काम पुढे नेलं आणि या मोजमापांवरून जास्त स्वरांची खास हार्मोनियम तयार झाली.

मग ती रुजली का नाही?

१९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. श्रुतींचा वाद तिथेही झाला, पण जाणकारांचं एकमत झालं नाही. पेटीच्या अडचणी वेगळ्याच होत्या. पट्ट्या वाढल्या की बोटांची सवय नव्याने करावी लागते. शिवाय पट्टी कितीही अचूक असली, तरी एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. त्यामुळे शास्त्राला जवळचं असलेलं वाद्य दुर्मीळ राहिलं आणि साधी पेटी मैफलीत टिकली. खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांतही साथीला पेटी ऐकू येते.

तानपुरा का टिकला?

तानपुऱ्यावर धून वाजत नाही, चार तारा फक्त आधाराचा स्वर देतात. पहिली तार रागानुसार पंचम, मध्यम किंवा निषादात लावता येते, त्यामुळे गायकाला हवा तो स्वर शोधायला मोकळीक मिळते. दुसरं कारण मिरजेचं. इथे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून तंतुवाद्यांची परंपरा सुरू झाली, असं मानलं जातं. हे कारागीर मूळचे हत्यारं बनवणारे शिकलगार. घोडीवर जवारी काढणारा, भोपळ्याची चीर सांधणारा माणूस इथे हाकेच्या अंतरावर असतो. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

अखेर कशी झाली?

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत तब्येत बिघडली, म्हणून ते सिंगपेरुमलकोइल स्थानकावर उतरले. तिथे प्रार्थनेचे स्वर लावत असतानाच २७ ऑक्टोबरला त्यांचं निधन झालं, असं सांगतात. मिरजेत दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आलं. आजही उरुसात गायक-वादक तिथे येऊन त्यांच्या स्मरणार्थ हजेरी लावतात.

आज बदली करताना काय पाहावं?

श्रुती हार्मोनियम आणि तानपुरा यांची तुलना केली तर तीन गोष्टी दिसतात. एक, वाद्य आपल्या कामाचा आवाज देतं का. ते फक्त दुर्मीळ आहे, एवढ्याने भागत नाही. दोन, त्याची सवय करायला किती महिने जातील आणि तोवर हातातलं वाद्य नसेल तर चालेल का. तीन, ते बिघडलं तर जवळपास कोण दुरुस्त करेल. जुन्या बास गिटारची मान वाकली, पिकअप बंद पडला किंवा मूळ सुटा भाग मिळाला नाही, तर महागडं वाद्य कपाटात पडून राहतं. म्हणून बदली करण्याआधी दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला ते दाखवावं, निदान तासभर स्वतः वाजवून पाहावं आणि मगच आपलं वाद्य सोडावं.