फादर थॉमस स्टीफन्स यांचें कुळ

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांचें कृतज्ञतेनें स्मरण करतों. त्यांचें घराणें इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचें. वडील लंडनचे व्यापारी, बंधु रिचर्ड. स्वदेशीं कॅथॉलिकांचा छळ चालला असतां थॉमस रोमला जाऊन १५७५ सालीं येशूसंघांत शिरले. १५७९ च्या ऑक्टोबरांत ते गोव्यास उतरले व पुढच्याच महिन्यांत त्यांनीं वडिलांस प्रवासाचा वृत्तांत कळविला. १५८३ सालीं बंधूस लिहितांना येथील भाषांचें ग्रीक-लॅटिनशीं साम्य त्यांनीं दाखविलें. याच ममतेंतून त्यांचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. १६१९ सालीं ते गोमंतकांतच निवर्तले. मायदेश पुन्हां दिसला नाहीं. व्रतस्थांस संतति कुठली? तथापि वर्धा जिल्ह्यांत मराठींत प्रभूची स्तुति करणारे आम्ही त्यांचेच वंशज आहों.