साताऱ्याच्या बुध गावच्या पां. वा. सुखात्मेंनी जगातल्या भुकेल्यांचा हिशोब मांडला

शिरूर आणि दौंड. पुणे जिल्ह्यातले शेजारशेजारचे दोन तालुके.

दौंडमध्ये खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी पोचतं तिथे ऊस उभा असतो, आणि त्याच तालुक्याच्या दक्षिणेला जिरायत पट्टा पावसाची वाट बघत बसतो. शिरूरचंही तसंच. चासकमानचा कालवा आणि घोड धरण यांच्या लाभक्षेत्रात बागायत, तर पाबळ, कान्हूर मेसाईकडे कोरडं रान.

आता प्रश्न असा की, या तालुक्यात यंदा बाजरी हेक्टरी किती पिकली?

प्रत्येक शेतातली बाजरी मोजणं शक्य नाही. म्हणजे काही शेतं निवडायची आणि त्यावरून अंदाज बांधायचा. पण कोणती शेतं निवडायची? किती निवडायची? आणि कोणी?

उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. पीक विम्याची भरपाई मिळणार की नाही, हे याच अंदाजावर ठरतं. हा अंदाज शास्त्रशुद्ध पद्धतीने काढायची घडी भारतात ज्यांनी बसवली, त्यात एक मोठं नाव आहे पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

बुध ते लंडन

सुखात्मेंचा जन्म २७ जुलै १९११ चा. गाव बुध, तालुका खटाव, जिल्हा सातारा. म्हणजे पक्का दुष्काळी भाग.

शिक्षणासाठी ते पुण्यात आले. १९३२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून गणित हा मुख्य विषय घेऊन पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. त्या काळात संख्याशास्त्रातली जगातली सगळ्यात मोठी माणसं एकाच ठिकाणी भेटायची असतील, तर ती तिथे. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन, जर्झी नेमन. तिघांची एकमेकांशी मतं जुळायची नाहीत, पण शिकणाऱ्यांची चंगळ होती.

१९३६ मध्ये सुखात्मेंना पीएचडी मिळाली, १९३९ मध्ये डीएससी. यादरम्यान, १९३५ मध्ये, त्यांनी नमुना निवडीवर एक निबंध लिहिला. त्यातला मुद्दा समजून घ्यायला शिरूर-दौंडचंच उदाहरण घेऊ.

समजा बागायतीतल्या पाच शेतांचं उत्पादन हेक्टरी १८, १९, २०, २१ आणि २२ क्विंटल आहे. सरासरी २०. यातलं कुठलंही एक शेत डोळे झाकून उचललं, तरी अंदाज जास्तीत जास्त २ क्विंटलने चुकेल.

जिरायतीतली पाच शेतं मात्र २, ६, १०, १४ आणि १८ अशी आहेत. सरासरी १०. इथे एकच शेत उचललं तर अंदाज ८ क्विंटलने चुकू शकतो.

म्हणजे जिथे फरक जास्त, तिथे जास्त शेतं मोजायला हवीत. हा नियम नेमन यांनी १९३४ मध्ये मांडला होता. पण अडचण अशी की, कुठे किती फरक आहे हे आधी कसं कळणार? सुखात्मेंनी दाखवलं की, आधी एक छोटी चाचणी पाहणी करून फरकाचा अंदाज घेतला, तरी बहुतेक वेळा काम भागतं.

नजरेचा अंदाज आणि चिठ्ठीचा अंदाज

सुखात्मे भारतात परतले. सुरुवातीला कोलकात्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थमध्ये काम केलं आणि १९४० मध्ये शेती संशोधनाच्या केंद्रीय परिषदेत रुजू झाले. आज तिला आपण आयसीएआर म्हणून ओळखतो.

तेव्हा देशभर पिकाचा अंदाज आणेवारीने काढायचे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. गावचा कामगार शेताकडे बघायचा आणि यंदा आठ आणे, यंदा दहा आणे असं ठरवायचा. महाराष्ट्रात आणे जाऊन पैसे आले, पण पहिल्या अंदाजाला आजही नजर पैसेवारी म्हणतात.

नजर नेहमीच चुकते असं नाही. मुसलेल्या माणसाची नजर पुष्कळदा बरोबरही असते. खरी अडचण वेगळी आहे. नजरेचा अंदाज किती चुकला असेल, हे काढायची काहीच सोय नसते.

चिठ्ठी टाकून शेत निवडलं तर ही सोय मिळते. प्रत्येक शेताला निवडलं जायची संधी किती, हे आधीच माहीत असतं. शाळेत फासा टाकून जी संभाव्यता शिकवतात, तीच इथे उपयोगी पडते. अंदाजासोबत त्यात किती चूक असू शकते, याचाही आकडा काढता येतो.

ही कल्पना सुखात्मेंची नव्हती. १९२० च्या दशकात हबॅक नावाच्या अधिकाऱ्याने बिहार-ओडिशात भातावर असे प्रयोग केले होते. पण सुखात्मे आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे यांनी कापूस, गहू, भात अशा पिकांवर मोठ्या प्रमाणात पाहण्या केल्या आणि महसूल व कृषी खात्याच्या नेहमीच्या माणसांकडून हे काम करून घेता येतं हे दाखवलं. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली होती. देशात धान्य नेमकं किती आहे, हा तेव्हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

महालनोबिसांशी वाद

याच काळात बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिसही पीक पाहण्या करत होते. संख्याशास्त्रातलं त्यांचं वजन मोठं होतं. ते शेतात लहान वर्तुळ आखून तेवढंच पीक कापायचे. छोटा तुकडा, कमी वेळ, त्यामुळे जास्त शेतं मोजता यायची.

सुखात्मेंचा आक्षेप नेमका या छोट्या तुकड्यावर होता.

का, ते बघू. १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद तुकड्याचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर आणि परिमिती ३० मीटर. म्हणजे दर चौरस मीटरमागे ०.६ मीटर कड. याउलट ६० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतलं, तर क्षेत्रफळ साधारण १.१३ चौरस मीटर आणि परीघ ३.७७ मीटर. म्हणजे दर चौरस मीटरमागे ३.३ मीटर कड. पाच पटींहून जास्त!

कडेवर उभं असलेलं ताट आतलं धरायचं की बाहेरचं? कापणारा माणूस बहुतेक वेळा ते आत ओढतो. मुद्दाम नाही, सवयीने. मोठ्या तुकड्यात अशी चार ताटं जास्त आली तर फरक पडत नाही. छोट्या वर्तुळात तीच चार ताटं उत्पादन फुगवतात.

सुखात्मेंनी प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवलं की, तुकडा जितका लहान तितकं उत्पादन जास्त दिसतं. १९४६ मध्ये हे निष्कर्ष नेचर या नियतकालिकात छापून आले.

इथे एक विधान तपासून बघा. जर नमुना मोठा असेल, तर अंदाज बरोबर असतो. ऐकायला पटतं, पण ते खोटं आहे. चूक कधी इकडे, कधी तिकडे होत असेल, तर जास्त शेतं मोजल्यावर ती कमी होत जाते. पण चूक दर वेळी एकाच बाजूला होत असेल, तर हजार शेतं मोजूनही ती तशीच राहते. वजनकाटाच १०० ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर दहा वेळा तोलून काय होणार?

आज पीक कापणी प्रयोगात पिकानुसार ५ बाय ५ किंवा १० बाय ५ मीटरसारखे मोठे तुकडे आखतात, त्यामागे हा वाद आहे.

जगात उपाशी किती?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, म्हणजे एफएओमध्ये, रोमला गेले. तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी जवळपास दोन दशकं काढली. १९५४ मध्ये आलेलं नमुना पाहणीवरचं त्यांचं पुस्तक अनेक देशांत अभ्यासाला लागलं.

रोममध्ये त्यांच्यासमोर आणखी मोठा प्रश्न आला. जगात उपाशी माणसं किती?

एफएओचे पहिले महासंचालक बॉइड ऑर यांनी सांगून ठेवलं होतं की, जगातले दोन तृतीयांश लोक भूक आणि कुपोषणात जगतात. आकडा सगळीकडे पसरला होता. सुखात्मेंनी तो तपासायला घेतला, आणि त्यांना घोळ दिसला तो सरासरीचा.

समजा एका गावातल्या पुरुषांना दिवसाला सरासरी २४०० कॅलरी लागतात. सरासरी, म्हणजे कुणाला २००० पुरतात, कुणाला २८०० लागतात. आता असं गाव डोळ्यांसमोर आणा, जिथे प्रत्येकजण आपल्या शरीराला लागतं तेवढंच खातो. उपाशी कुणीच नाही.

तरीही २४०० ची रेघ मारली, तर साधारण निम्मे लोक रेघेच्या खाली येतात. उपाशी शून्य, आणि कागदावर निम्मं गाव उपाशी!

चूक आहे ती जर-तरमध्ये. २४०० ही सरासरी गरज आहे, हे विधान खरं. पण जो २४०० पेक्षा कमी खातो तो उपाशी, हे त्यातून निघत नाही. त्याचा व्यत्यासही खोटा आहे. जो उपाशी तो २४०० पेक्षा कमीच खात असेल असंही नाही, कारण २८०० ची गरज असलेला माणूस २५०० खाऊनही अर्धपोटी असतो.

१९६१ मध्ये सुखात्मेंनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे आपला निबंध वाचला. जगातल्या साधारण १० ते १५ टक्के लोकांना पोटभर अन्न मिळत नाही, आणि निकृष्ट आहारही धरला तर हे प्रमाण निम्म्यापर्यंत जातं, असा त्यांचा हिशोब होता. भूक आणि कुपोषण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे यातून स्पष्ट झालं. १९६३ मध्ये याच सोसायटीने त्यांना गाय पदक दिलं. भारत सरकारने १९७१ मध्ये पद्मभूषण दिलं.

पुण्यातला वाद

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्याला परतले. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांचं काम सुरू राहिलं, आणि तिथेच त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात कडवट वाद झाला.

तेव्हा भारतातली दारिद्र्यरेषा कॅलरींवर ठरत होती. पुण्यातलेच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास मांडला होता, त्यात २२५० कॅलरींचा निकष होता. सुखात्मेंचं म्हणणं, सरासरीची रेघ चालणार नाही. सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करा आणि तिथे रेघ मारा.

म्हणजे सरासरी २४०० आणि प्रमाण विचलन ३०० असेल, तर रेघ १८०० वर येते. संभाव्यतेच्या नियमानुसार पोटभर खाणाऱ्या १०० माणसांतले दोन-तीनच या रेघेखाली येतील. त्यामुळे रेघेखाली सापडलेला माणूस उपाशी असण्याची शक्यता खूप जास्त. पण रेघ खाली आली की गरिबांचा आकडाही एकदम खाली येतो.

दांडेकरांनी याला जोरदार उत्तर दिलं. २७०० ची गरज असलेला मजूर २००० वर राबत असेल, तर तो उपाशीच आहे. तो सुखात्मेंच्या हिशोबात कुठेच दिसत नाही.

दोन्ही बाजूंच्या मुद्द्यात दम होता. वरच्या रेघेत पोटभर खाणारे उपाशी म्हणून मोजले जातात, खालच्या रेघेत उपाशी माणसं सुटून जातात. रेघ कुठेही मारली, तरी दोन्ही चुका एकदम शून्य होत नाहीत. कोणती चूक जास्त महाग, हे गणित सांगत नाही. ते समाजाला ठरवावं लागतं.

सुखात्मे पुढे असंही मांडत गेले की, एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेतं. आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांच्यासह अनेकांनी याला विरोध केला. अशा मांडणीने उपासमार झाकली जाईल, ही त्यांची भीती होती. सुखात्मेंचा आणखी एक मुद्दा मात्र नंतरच्या काळात जास्त पटत गेला. पाणी घाण असेल, हगवण लागत असेल, तर पोटात गेलेलं अन्न अंगी लागत नाही. त्यामुळे भुकेचा प्रश्न धान्याइतकाच स्वच्छ पाण्याचाही आहे.

२८ जानेवारी १९९७ ला सुखात्मे गेले. त्यांच्या नावाने केंद्र सरकार आज संख्याशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार देतं.

मग शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याचं काय?

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा कमी भरलं, तर भरपाई मिळते. ही सरासरी येते पीक कापणी प्रयोगातून.

आता हे विधान बघा. मंडळाचं सरासरी उत्पादन कमी नाही, म्हणून मंडळातल्या कुणाचंच पीक गेलेलं नाही. वर सांगितलेलीच चूक. कालव्याखालच्या शेतांनी सरासरी वर ओढली, तर शेजारच्या जिरायतदाराचं करपलेलं पीक तिच्यात लपून जातं.

म्हणून पुढच्या वेळी गावात पीक कापणी प्रयोग असेल, तर जरूर जा आणि तीन गोष्टी बघा. गट नंबर आधी ठरलेल्या यादृच्छिक यादीतून आला आहे, की रस्त्याकडेचं सोयीचं शेत धरलं आहे? तुकडा शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून दिलेल्या आकड्याइतकं अंतर मोजून आखला आहे, की चांगलं पीक बघून? आणि कडेची ताटं नियमाने आत-बाहेर धरली, की सरसकट आत ओढली?

ही तीन उत्तरं बरोबर असतील, तर आलेला आकडा भरवशाचा आहे. नसतील, तर तो नुसता नजरेचा अंदाज आहे, फक्त टेप लावून काढलेला.